कुक्स: पॅलेस नाही, नुसतं चर्च नाही, मग हे आहे तरी काय?

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर प्रागला नोकरी करणाऱ्या मावसभावाने सात-आठ फोटो टाकले. नदीच्या वर उंचावर लांबच लांब इमारत, मधोमध पुढे आलेलं चर्च, समोरच्या कट्ट्यावर दगडी पुतळ्यांची रांग, आत एक जुनं औषधाचं दुकान, लाकडी फडताळं, बरण्याच बरण्या आणि एका ठिकाणी चक्क उकललेलं डाळिंब, त्याच्यावर क्रॉस. खाली एवढंच लिहिलेलं, "कुक्स हॉस्पिटल. एक नंबर जागा."

झालं. मावशीने लगेच विचारलं, हॉस्पिटलमध्ये का गेलास, तब्येत बरी आहे ना? काका म्हणाले हा राजवाडा दिसतोय. बहिणीने गूगल करून सांगितलं की मॉनेस्ट्री आहे, म्हणजे मठ. आणि मावशीचा दुसरा प्रश्न, ते डाळिंब कशाला? मावसभाऊ "गाईड झेक भाषेत बोलत होता, अर्धं कळलं नाही" म्हणून मोकळा झाला. मला या असल्या जुन्या इमारतींचं वेड आहे हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे शेवटी तो गुंता माझ्याकडे आला, तर तोच इथे सोडवतोय, कारण युरोप टूरवर गेलेल्या बऱ्याच जणांचा हा घोळ होतो. एकाच इमारतीत मठ, हॉस्पिटल, चर्च, थडगं आणि मेडिकल स्टोअर, हे आपल्या डोक्यात एकत्र बसतच नाही.

मठ आणि हॉस्पिटल एकत्र कसं काय?

आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हटलं की इंग्लिश मीडियमची शाळा आठवते, पण मूळ अर्थ फक्त एवढाच की एका संप्रदायाचे लोक शपथा घेऊन एकत्र राहतात ती जागा. कॅथलिक संप्रदायात साधारण तीन शपथा असतात: ब्रह्मचर्य, स्वतःच्या नावावर काही न ठेवणं आणि वरिष्ठांचं ऐकणं. काही मठ फक्त प्रार्थना करायचे, काही शाळा चालवायचे, काही गावोगाव प्रवचनं द्यायचे. आणि एक संप्रदाय असा होता की ज्याने चौथी शपथ जोडली, आजाऱ्यांची सेवा. त्यांचं नाव सेंट जॉन ऑफ गॉडचे हॉस्पिटलर ब्रदर्स, मध्य युरोपात त्यांना दयेचे बंधू म्हणतात. कुक्स त्यांचं.

यांचा मूळपुरुष जुआंव सिदाद, हाच पुढे सेंट जॉन ऑफ गॉड म्हणून ओळखला गेला, जन्म १४९५ चा, पोर्तुगालमधल्या मोन्तेमोर-ओ-नोवो गावचा. मेंढ्या राखल्या, सैन्यात गेला, मग स्पेनमधल्या ग्रनाडा शहरात पुस्तकं विकायला लागला. चाळिशी ओलांडल्यावर एक प्रवचन ऐकून त्याला असा काही पश्चात्ताप झाला की भर रस्त्यात रडणं-ओरडणं, कपडे फाडणं सुरू झालं, आणि लोकांनी उचलून त्याला तिथल्या रॉयल हॉस्पिटलच्या वेड्यांच्या वॉर्डात टाकलं. त्या काळी वेडावरचा इलाज म्हणजे बांधून ठेवायचं आणि फटके मारायचे. ते सगळं त्याने स्वतःच्या अंगावर सोसलं, बाहेर आला आणि ठरवलं की आपण वेगळं हॉस्पिटल काढायचं जिथे माणसाला माणसासारखं वागवतील. संध्याकाळी पाठीवर टोपली घेऊन रस्त्याने ओरडत भीक मागायचा, "भावांनो, स्वतःचं भलं करा" अशा अर्थाचं काहीतरी. त्यावरूनच इटलीत या संप्रदायाला आजही फातेबेनेफ्रातेल्ली म्हणतात, म्हणजे भलं करा भावांनो. १५५० मध्ये तो वारला, १५७२ मध्ये पोपने संप्रदायाला मान्यता दिली.

मावशीचं डाळिंब इथे आलं बघा. ग्रनाडा म्हणजे स्पॅनिशमध्ये डाळिंब. आख्यायिका अशी की बाळ येशूने त्याला डाळिंब दाखवून सांगितलं, ग्रनाडा हाच तुझा क्रॉस. म्हणून क्रॉसवालं डाळिंब हे या लोकांचं चिन्ह झालं आणि कुक्सच्या औषधालयाचं नावच "डाळिंबाचं औषधालय" पडलं. सांगोल्याच्या बागायतदाराने तिथे जाऊन फोटो काढायलाच पाहिजे.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला फार इंटरेस्टिंग वाटते. हे बहुतेक सगळे ब्रदर होते, फादर नव्हते. ब्रदर म्हणजे शपथा घेतलेला पण पुरोहित नसलेला माणूस. यात फरक काय, तर १२१५ च्या लॅटरन परिषदेने पुरोहितांना चिरफाडीची आणि डाग देण्याची शस्त्रक्रिया करायला मनाई केली होती. हाताला रक्त लागायला नको. ब्रदरला ती अडचण नाही, त्यामुळे हे लोक हाडं बसवायचे, गळवं फोडायचे, पॅरिसमधल्या त्यांच्या हॉस्पिटलचं तर मुतखड्याच्या ऑपरेशनसाठी नाव होतं. म्हणजे जपमाळ आणि चाकू एकाच माणसाच्या हातात.

बरोक म्हणजे जास्तीचं नक्षीकाम का?

थोडं तसंच, पण तेवढंच नाही. बरोक हा शब्द बहुतेक पोर्तुगीज बारोकू या शब्दावरून आला, अर्थ वेडावाकडा मोती. नाव ठेवणाऱ्यांनी ते टिंगल म्हणूनच ठेवलेलं. साधारण १६०० ते १७५० हा त्याचा काळ. त्याच्या आधीच्या रेनेसाँ शैलीत सगळं शांत, मोजूनमापून, पुतळा उभा तर सरळ उभा. बरोकमध्ये पुतळा वळतो, कपडा वाऱ्यावर उडतो, भिंत आत-बाहेर होते, उजेड नेमका एका जागी पडतो. गणपतीच्या आराशीत कसं, मूर्ती एक पण लाइटिंग, पडदा, मागचा देखावा, धूप सगळं मिळून तुम्ही आत शिरलात की एका क्षणात "वा" निघतं, तसं. डोक्याला पटवायच्या आधी पोटात कालवलं पाहिजे, हा त्याचा हिशोब.

आणि हिशोब म्हणतोय कारण त्यामागे राजकारण होतं. बोहेमिया, म्हणजे आजच्या झेक देशाचा मोठा भाग, तिथे १६२० मध्ये प्रागजवळच्या व्हाइट माउंटनच्या लढाईत प्रोटेस्टंट सरदार हरले, हाब्सबुर्ग राजे जिंकले आणि मग सगळ्या मुलखाला पुन्हा कॅथलिक करायची मोहीम सुरू झाली. सक्तीसुद्धा झाली, लोक देश सोडून गेले. तर तिथला बरोक हा जिंकलेल्यांचा थाट आहे हे लक्षात ठेवूनच तो बघायला हवा. सुंदर आहे, पण कुणाच्या तरी हरण्यावर उभा आहे.

हे बांधणारा काउंट कोण?

फ्रान्झ अँटोन फॉन श्पोर्क, १६६२ ते १७३८. झेक लोक त्याला फ्रांटिशेक अँटोनिन श्पोर्क म्हणतात. याचा बाप जर्मनीतल्या वेस्टफालियाच्या शेतकरी घरातला, सैन्यात शिपाई म्हणून शिरला आणि लढत लढत सेनापती झाला, १६६४ मध्ये तुर्कांविरुद्धच्या लढाईत नाव कमावलं, काउंट झाला, बोहेमियात जहागिरी मिळाल्या. पोराला आयता पैसा मिळाला पण खानदानी सरदारांनी कधी आपला म्हणून मानला नाही. नव्या पैशाचा माणूस. असा माणूस काय करतो हे आपल्याला माहितीय, तो इतकं करतो की कुणाला दुर्लक्षच करता येऊ नये.

याने पॅरिस-व्हर्सायकडे शिकारीचा भोंगा ऐकला, फ्रेंच हॉर्न, तर आपले दोन नोकर ते शिकायला तिकडे ठेवले आणि ते वाद्य बोहेमियात आणलं. प्रागमध्ये ऑपेरा आणला. संगीतकार बाखने आपल्या एका रचनेच्या वहीवर नोंद करून ठेवलीय की याचे वेगवेगळ्या आवाजांचे कागद बोहेमियात काउंट श्पोर्ककडे आहेत. घरी छापखाना, पुस्तकं, वाद. शेजारच्या गावातल्या जेझुइट पाद्र्यांशी तर याचं आयुष्यभर वाकडं. १७२९ मध्ये सैनिक येऊन कुक्समधली त्याची लायब्ररी उचलून घेऊन गेले आणि पाखंडी पुस्तकं ठेवल्याबद्दल खटला चालला. म्हणजे बघा, एवढं मोठं चर्च बांधणारा माणूस स्वतः धर्मद्रोहाच्या खटल्यात आरोपी.

कुक्स हे एल्बे नदीच्या काठी, झेक लोक तिला लाबे म्हणतात. सतराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या झऱ्यांचं पाणी औषधी आहे असं ठरलं आणि काउंटने डाव्या काठावर स्पा उभा केला. स्नानगृह, छोटा राजवाडा, पाहुण्यांची घरं, नाटकघर, घोड्यांच्या शर्यतींची जागा. राजवाड्यापासून नदीपर्यंत मोठा दगडी जिना आणि त्याच्या कडेने खाली खळखळत येणारं पाणी. सणासुदीला त्या पन्हळीतून वाइन वाहायची असंही सांगतात.

आणि समोरच्या काठावर, बरोब्बर समोर, हॉस्पिटल.

नकाशा हातात घेऊन बघू

आता इमारत. १७०७ ला काम सुरू झालं आणि साधारण दहा वर्षं चाललं. आर्किटेक्ट जिओव्हानी बातिस्ता अलिप्रांदी, नावावरून कळतं तसा इटालियन, त्या काळात मध्य युरोपातली निम्मी कामं हेच लोक करत होते.

पहिली गोष्ट बघायची ती म्हणजे सरळ रेष. राजवाड्यातून निघा, जिन्याने खाली नदीवर या, पूल ओलांडा, समोरचा चढ चढा आणि नाक थेट चर्चच्या दारावर. मध्ये कुठे वळायचं नाही. यालाच अक्ष म्हणतात, ॲक्सिस. आपल्या देवळात महाद्वारातून बघितलं की दीपमाळ, सभामंडप, गाभारा एका ओळीत येतात ना, तीच गंमत, फक्त इथे ती ओळ नदी ओलांडून अख्ख्या खोऱ्यात टाकलीय. काउंट आणि पाहुणे इकडे पत्ते खेळतायत, नाच चाललाय, आणि खिडकीतून समोर कायम काय दिसतं तर म्हातारपण, आजार आणि मरण. ही सोय मुद्दाम केलेली आहे, चुकून झालेली नाही.

दुसरी गोष्ट, मध्यभागी काय आहे. हॉस्पिटलच्या मधोमध डॉक्टर किंवा वॉर्ड नाही, होली ट्रिनिटीचं चर्च आहे, आणि चर्चच्या खाली तळघरात श्पोर्क घराण्याचं थडगं. दोन्ही बाजूंना पंखांसारख्या इमारती, त्यात माणसं राहणार. आता हे आपल्याला विचित्र वाटतं, हॉस्पिटलच्या बेंबीत मालकाची कबर? पण त्या काळच्या कॅथलिक डोक्याने विचार करा. मेल्यावर आत्मा थेट स्वर्गात जात नाही, पर्गेटरी नावाच्या मधल्या जागेत शुद्ध होत राहतो, आणि जिवंत लोकांनी, त्यातही गरिबांनी, त्याच्यासाठी प्रार्थना केली तर ती मुदत कमी होते. मग सोपं आहे, शंभर गरीब म्हाताऱ्यांना छप्पर आणि जेवण द्या, ते रोज वर प्रार्थना करतील, तुम्ही खाली शांत पडा. चित्रगुप्ताच्या वहीत जमेची बाजू भरत ठेवायची कायमची व्यवस्था म्हणा हवं तर.

कायमची म्हणजे पैशांसकट कायमची. काउंटने नुसती इमारत नाही बांधली, तिच्या खर्चासाठी जहागिरीतलं उत्पन्न संस्थेला लावून दिलं. आपल्याकडे देवस्थानला गाव इनाम द्यायचे, दिवाबत्तीचा खर्च त्या गावच्या वसुलातून, अगदी तसं. हे समजलं नाही तर ही जागा एवढी टिकली कशी हे समजणार नाही.

तिसरी गोष्ट साधी, लांब व्हरांडे. एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला खोल्या, वर कमानदार छत. हवा खेळते, उजेड येतो, पावसात-बर्फात म्हातारा माणूस न भिजता इकडून तिकडे चालू शकतो, चर्चमध्ये जाऊ शकतो. मठांमध्ये हे व्हरांडे शेकडो वर्षं होतेच, हॉस्पिटलला ते आयतेच सोयीचे पडले. याच कुक्सच्या व्हरांड्यांच्या भिंतींवर मृत्यूचा नाच रंगवलेला होता, सांगाडा येतो आणि कधी राजाला, कधी पाद्र्याला, कधी साध्या माणसाला हात धरून घेऊन जातो. मधल्या काळात ती चित्रं चुन्याखाली गेली, नंतर ती खरवडून पुन्हा वर काढली. आजाऱ्याने रोज चालताना हेच बघायचं? मलाही आधी ते क्रूर वाटलं. पण त्यात पोपही मरतो आणि शिपाईही, हे बघून शिपायाला काय वाटत असेल ते मी सांगू शकत नाही, कदाचित बरंही वाटत असेल.

पुतळ्यांवर पैसे उडवण्यापेक्षा औषधं घ्यायची ना?

हा प्रश्न माझ्या काकांनी विचारलाच, आणि तो चुकीचा नाही. हॉस्पिटलच्या पुढच्या कट्ट्यावर एका बाजूला बारा सद्गुण आणि दुसऱ्या बाजूला बारा दुर्गुण उभे आहेत. दोन्ही रांगांच्या तोंडाशी एकेक देवदूत, एक चांगल्या मरणाचा, एक वाईट मरणाचा. शिल्पकार मातियास ब्राउन, ऑस्ट्रियातल्या टिरोलचा, जन्म १६८४, आणि वारला १७३८ मध्ये, काउंट वारला त्याच वर्षी.

श्रद्धा, आशा, प्रेम, संयम, कष्टाळूपणा, न्याय इकडे, तिकडे अहंकार, मत्सर, लोभ, आळस, खादाडपणा, चुगली, निराशा. हे ऐकायला शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारांसारखं वाटतं, पण जवळ जाऊन एक पुतळा बघा, म्हणजे अहंकाराचाच. बाई आरशात बघतेय, सोबत मोर, आणि अंगावरचा कपडा असा फुगलाय, घड्यांमध्ये सावल्या अशा साचल्यात की वाटतं ही आता गिरकी घेणार. दगड तोच वालुकाश्म, सँडस्टोन, मऊ, पटकन कोरता येतो. ब्राउनने सद्गुणांपेक्षा दुर्गुणांमध्ये जास्त जीव ओतला असं माझं प्रामाणिक मत आहे. कीर्तनातसुद्धा बुवा दुष्ट पात्राची नक्कल करतात तेव्हाच समोरचा डुलकी काढणारा जागा होतो ना.

तर पैसे उडवले का? एक तर त्या काळी बहुतेकांना वाचता येत नव्हतं, पुतळा हेच पुस्तक होतं. दुसरं, त्या काळचं औषध खरंच किती चालायचं हे बघितलं तर पुतळ्यांनी औषधांचे फार पैसे खाल्ले असं म्हणता येत नाही, त्यावर पुढे येतोच. पण तिसरं उत्तर खरं सांगायचं तर हो, उडवले. हे काउंटचं मिरवणं होतं. आणि जो पैसा उडवला तो त्याच्या वेठीच्या कुळांच्या घामाचा होता, बोहेमियातला शेतकरी तेव्हा जमिनीला बांधलेला, मालकाच्या शेतात ठरलेले दिवस फुकट राबायचं, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. त्याच कुळांमधल्या म्हाताऱ्यांना आणि लढाईतून जायबंदी होऊन आलेल्या सैनिकांना या हॉस्पिटलात जागा. एका हाताने घेतलेलं दुसऱ्या हाताने थोडं परत, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

मूळ पुतळे आता आत हलवलेत, कट्ट्यावर आहेत त्या प्रतिकृती. वालुकाश्म पाऊस आणि थंडी खातो, नाकं-बोटं आधी जातात. ब्राउनने जवळच्या जंगलात तर जागच्या जागी खडकातच येशूजन्म आणि तपस्वी कोरलेत, त्याला बेथलेहेम म्हणतात. तिथली बरीच शिल्पं पुढे लोकांनी दगड म्हणून फोडून नेली आणि उरलेल्यांवर शेवाळं. वेळ असेल तर ते चुकवू नका, मला फोटोत ते हॉस्पिटलपेक्षा जास्त आवडलं.

तिथे खरंच उपचार व्हायचे का नुसती प्रार्थना?

इथे शब्दाची गडबड आहे. हॉस्पिटल हा शब्द हॉस्पिटॅलिटीच्याच घरातला, मूळ अर्थ पाहुण्याला आसरा. अठराव्या शतकापर्यंत हॉस्पिटल म्हणजे थोडी धर्मशाळा, थोडं अन्नछत्र, थोडा वृद्धाश्रम आणि थोडा दवाखाना. पैसेवाला माणूस आजारी पडला तर डॉक्टर घरी यायचा, हॉस्पिटलात जायचा तो ज्याला घर नाही किंवा घरात बघणारं कुणी नाही.

त्यामुळे या ब्रदरांची खरी कमाल औषधात नाही, साध्या गोष्टींत आहे. स्वच्छ चादर, गरम जेवण, आणि एका खाटेवर एकच पेशंट. हसू नका. पॅरिसच्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलात, ओतेल दियूमध्ये, एका खाटेवर चार-चार, कधी सहा माणसं झोपवायचे, १७८८ मध्ये तेनों नावाच्या सर्जनने रिपोर्टच लिहिला त्याच्यावर. जिवंत माणसाच्या कुशीत मेलेला. त्या जगात "प्रत्येकाला आपली खाट" हा नियम दोनशे वर्षं आधीपासून पाळणारे लोक म्हणजे केवढी गोष्ट. आणि पेशंटचा धर्म न बघता दाखल करून घ्यायचं, ही पण त्यांची ख्याती.

औषधालयाचं बोलायचं तर, तेव्हाचा समज असा की शरीरात चार रस असतात, रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त, त्यांचा तोल गेला की आजार. आपल्या वात-पित्त-कफाचा युरोपातला चुलतभाऊच. मग तोल परत आणायला रक्त काढा, जुलाब द्या, घाम आणा. बरण्यांमध्ये वनस्पती, मुळं, खनिजं, आणि थेरियाक नावाचं एक सर्वरोगहारी चाटण, ज्यात कैक पदार्थ आणि वर सापाचं मांससुद्धा. यातल्या निम्म्याचा काही उपयोग नव्हता आणि काहींनी नुकसानच व्हायचं. पण वनस्पतींमध्ये काही खरंच गुणकारी होत्या, आणि हॉस्पिटलच्या मागे औषधी बाग होती ती आजही लावलेली आहे. आज त्याच इमारतीत झेक देशाचं औषधशास्त्राचं म्युझियम आहे, तेव्हा मावसभाऊ हॉस्पिटलात फिरायला गेला तो हा.

मग एका रात्रीत काय झालं?

काउंट १७३८ ला वारला आणि तळघरात गेला. गंमत म्हणजे त्याच्या हयातीत हॉस्पिटल नीट सुरूच झालं नव्हतं, इमारत तयार, पुतळे तयार, ब्रदर्सचा पत्ता नाही. त्याला वारस मुलगा नव्हता, दोन मुली, त्यातली एक नन झालेली. दुसरीने आणि जावयाने पुढे ते काम तडीस नेलं आणि १७४० च्या दशकात दयेचे बंधू इथे राहायला आले.

त्याच्या आधी २२ डिसेंबर १७४० ला एल्बेला पूर आला. हिवाळ्यात. डाव्या काठावरची स्पाची बरीच घरं वाहून गेली, झऱ्यांची वाट लागली आणि ज्या पाण्याच्या जिवावर सगळा थाट होता तेच गेलं. राजवाडा उरला पण त्याला अर्थ उरला नाही, १८९६ मध्ये तोही जळाला आणि १९०१ मध्ये पाडला. आज त्या बाजूला जिना आहे, तो चढून वर जा, वर काहीच नाही. हॉस्पिटल मात्र उभं. लोक याला देवाचा न्याय वगैरे म्हणतात, मी म्हणतो हॉस्पिटल उंचावर आहे आणि स्पा पाण्याला लागून होता. पूररेषेचा प्रश्न आहे हो, आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगायला नको.

दुसरं संकट पाण्याचं नव्हतं, सरकारी होतं. १७८० च्या दशकात सम्राट जोसेफ दुसरा याने शेकडो मठ बंद केले. त्याचा प्रश्न सरळ होता, तुम्ही करता काय? नुसती प्रार्थना करणारे मठ गेले, इमारती बरॅक झाल्या, गोदामं झाली, मालमत्ता सरकारजमा. शाळा आणि हॉस्पिटल चालवणारे वाचले. दयेचे बंधू वाचले. कुक्समध्ये ते १९३८ पर्यंत राहिले, म्हणजे जवळपास दोनशे वर्षं, नंतर नाझी काळ आला. पुढे इमारतीने बरेच दिवस काढले आणि २०१३ ते २०१५ मध्ये मोठं जीर्णोद्धाराचं काम होऊन ती आज दिसते तशी झाली.

आपला याच्याशी काय संबंध?

आहे, आणि प्रागएवढा लांब नाही. हे ब्रदर पोर्तुगीजांबरोबर गोव्यातही आले होते. ओल्ड गोव्यात सेंट ऑगस्टिनचा तो अर्धा पडलेला उंच मनोरा आहे ना, जिथे सगळे सेल्फी काढतात, त्याच टेकडीवर शेजारी सेंट जॉन ऑफ गॉडचं कॉन्व्हेंट आणि चर्च आहे. १६८५ मध्ये आजाऱ्यांच्या सेवेसाठी बांधलेलं. बोम जिझसला रांग लावणारे शंभरातले नव्व्याण्णव लोक तिथून काही न बघता पुढे जातात, मी पण दोनदा गेलोय.

गोव्यात हॉस्पिटलं त्याच्याही आधीपासून होती. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यावर लगेचच रॉयल हॉस्पिटल काढलं, कारण जहाजातून येणारे सैनिक स्कर्व्ही आणि तापाने अर्धमेले उतरायचे. पिरार द लावाल नावाचा फ्रेंच खलाशी १६०८ मध्ये तिथे पेशंट होता आणि त्याने त्या हॉस्पिटलचं इतकं कौतुक लिहून ठेवलंय की आपल्याला आपल्या इन्शुरन्सची लाज वाटावी. पण ते होतं पोर्तुगीज सैनिकांसाठी. स्थानिकांसाठी नाही.

आता यावर कमेंट येणार हे माहीत आहे: हे सगळं धर्मांतरासाठीच होतं ना? गोव्याचं उत्तर कुक्ससारखं नाही. कुक्समध्ये पेशंट आधीच कॅथलिक, त्यांच्या आजोबा-पणजोबांवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं. गोव्यात १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, होतं, देवळं पाडली गेली होती, आणि त्याच सत्तेच्या छत्राखाली हे ब्रदर काम करत होते. ते स्वतः खाटेवरच्या माणसाचे पाय धूत असतील, पण खाट सरकारची होती. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि त्यातलं एक पुसून दुसरं ठेवायचं असेल तर ते तुम्ही करा, मी करणार नाही.

पुढे पोर्तुगालमध्येच १८३४ मध्ये धार्मिक संप्रदाय बरखास्त झाले, १८३५ मध्ये गोव्यात ती अंमलबजावणी झाली. पोर्तुगीज सरकारने हॉस्पिटलवाले बघितले नाहीत की शाळावाले, पुरुषांचे सगळे मठ सरसकट बंद केले. ऑगस्टिनवाल्यांचं प्रचंड चर्च पुढे कोसळलं, आणि शेजारची ही इमारत ओस पडली, मग सांता मोनिका मठाच्या नन्सनी तिथे आपल्या चॅपलेनच्या, म्हणजे मठाच्या पाद्र्याच्या, राहण्याची सोय केली, १९५३ मध्ये तिची बरीच पुनर्बांधणी झाली.

मावशीला एवढं सगळं व्हॉइस नोटवर सांगितलं, साडेनऊ मिनिटं. तिचं उत्तर आलं, "म्हणजे तो बरा आहे ना?" मावसभाऊ बरा आहे. पुढच्या महिन्यात मावशी स्वतःच जाणार आहे तिकडे, तेव्हा जाणाऱ्यांसाठी एकच सांगतो: आधी पलीकडच्या काठावर जाऊन त्या रिकाम्या जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहा, काउंट जिथून बघायचा तिथून, आणि मग पूल ओलांडून इकडे या. गुडघे दुखत असतील तर जिना हळू चढा, मावशीला हे मी वेगळं सांगितलंय.